पडद्यावरची तिसरी मिती

संगणकाचा पडदा बिचारा सपाट. पण त्यावर खोली दाखवायचा मोह काही कुणाला आवरत नाही. या सगळ्या खटाटोपातून आपल्या हाती नक्की काय लागलं?

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडली ती सगळ्यात साधी युक्ती. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये बटणं उठावदार झाली. उजेड वरून, डावीकडून येतोय असं मानायचं. वरची आणि डावी कड पांढरी, खालची आणि उजवी गडद. दाबलं की बटण आत गेल्याचा भास! "इथे दाबा" असं लिहायची गरजच नाही. २००१ च्या मॅक ओएस एक्समध्ये खिडक्यांना मऊ सावल्या आल्या, आणि कुठली खिडकी वर आहे हे नजरेलाच कळायला लागलं.

मग हौस वाढली. सन कंपनीने २००३ मध्ये 'प्रोजेक्ट लुकिंग ग्लास' दाखवला. त्यात खिडकी चक्क उलटी फिरवून तिच्या पाठीवर टिपण लिहिता यायचं. २००६ मध्ये लिनक्सवर कॉम्पिझ आलं: चार डेस्कटॉप एका घनाच्या चार बाजूंवर, आणि ओढलं की जेलीसारख्या डुलणाऱ्या खिडक्या. व्हिस्टात तर खिडक्या पत्त्यांसारख्या तिरक्या, एकामागे एक उभ्या राहायच्या. दिसायला झकास, पण मागचं पान पुढच्याने झाकलेलं, मग हवं ते सापडणार कसं?

न्यूझीलंडच्या कॉकबर्न आणि मॅकेन्झी या संशोधकांनी २००२ मध्ये हेच तपासलं होतं. तिसऱ्या मितीची मोकळीक जितकी जास्त, तितकं लोकांना हवं ते शोधणं अवघड गेलं. पडद्यावरच नव्हे, खऱ्या वस्तू मांडल्या तरीही!

तरी त्या घनाला मी अगदीच मोडीत काढणार नाही. दुसरा डेस्कटॉप 'गेला कुठे' हे तो फिरताना समजायचं.

पुढे लंबक उलट्या टोकाला गेला. २००१२ नव्हे, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्या तिरक्या खिडक्या गेल्या, पण त्यांच्याबरोबर उठावही गेला. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये तर बरीचशी बटणं म्हणजे नुसती अक्षरं. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन शिकवणाऱ्यांनी "अरे, पण यात दाबायचं कुठे?" हा प्रश्न ऐकला असेलच. २०१४ मध्ये गूगलने मटेरियल डिझाइनमधून सावल्या परत आणल्या, त्या उगाच नाही.

असो. घन फिरवायची मजा चार दिवसांची. दाबायचं कुठे हे सांगणारी ती बारीकशी सावली मात्र रोज लागते.