नकाशा कुणाचा आणि रस्ता कुणाचा?

अमेरिकेने १७९० साली पहिला कॉपीराइट कायदा केला तेव्हा संरक्षण दिलं ते नकाशे, सागरी तक्ते आणि पुस्तकांना. क्रम बघा, नकाशे पहिले! तरीही नकाशातल्या माहितीवर मालकी कुणाची, हे भांडण आजतागायत मिटलेलं नाही.

कंपन्यांनी त्यावर गमतीशीर तोडगा काढला होता. १९३०च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात 'अ‍ॅग्लो' नावाचं गाव घुसडलं. असं गाव नव्हतंच. मालक आणि त्याच्या सहकाऱ्याच्या आद्याक्षरांची उलटापालट करून नाव बनवलेलं. पुढे रँड मॅकनलीच्या नकाशात तेच गाव उमटलं. चोर सापडला म्हणायचा! पण त्या जागी कुणीतरी मूळ नकाशा पाहून खरोखर 'अ‍ॅग्लो जनरल स्टोअर' थाटलं होतं. खोटं गाव खरं झालं, आणि खऱ्या गावावर कुणाची मालकी सांगणार?

१९९१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे असाच सापळा आला, फक्त टेलिफोन डिरेक्टरीचा. रूरल कंपनीने यादीत चार खोटे ग्राहक पेरले होते, ते फाइस्ट कंपनीच्या यादीत जसेच्या तसे आले. नक्कल उघड होती, तरी रूरल हरली. कोर्टाचं म्हणणं असं की वस्तुस्थिती कुणी निर्माण करत नाही, ती सापडते. नुसती मेहनत पुरत नाही, निवडीत वा मांडणीत थोडी तरी स्वतःची भर हवी.

आपल्याकडे १९५७च्या कायद्यात नकाशा 'कलाकृती'त मोडतो, तर कॉम्प्युटर डेटाबेस चक्क 'साहित्यकृती'त. २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानेही मेहनतीची कसोटी नाकारली. तो वाद निकालपत्रं छापण्याचा होता, पण मला वाटतं विहिरींच्या अक्षांश-रेखांशांच्या यादीलाही तोच न्याय लागेल. युरोपने १९९६ मध्ये डेटाबेस उभारणाऱ्याच्या गुंतवणुकीला १५ वर्षांचा वेगळा हक्क दिला. भारतात तसा हक्क नाही.

याची झळ बसली ती स्वयंसेवकांना. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप लोकांनीच भरलेला. त्याचा जुना परवाना कॉपीराइटवर उभा, आणि डेटाला कॉपीराइट लागतो की नाही याचीच खात्री नाही. म्हणून २०१२ मध्ये डेटाबेससाठी बनवलेला परवाना घेतला. ज्यांची संमती मिळाली नाही, त्यांनी काढलेले रस्ते नकाशातून पुसावे लागले. पायपीट करून भरलेली माहिती होती ती.

आपल्या वाडीची पाणंद, शाळा, बसथांबा आपण कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये फुकट भरतो. जागा कुणाच्याच मालकीची नाही, पण साठा त्यांच्या सर्व्हरवर आणि अटीही त्यांच्या. तीच पाणंद ओपनस्ट्रीटमॅपवरही टाका. फक्त स्वतः फिरून टाका, दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवलेलं तिथे चालत नाही.