कंसातला माणूस

मागच्या वर्षी ऑफिसात एक जुना कोडबेस नव्या रिपॉझिटरीत हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्या फायली उचलल्या, नव्या जागी टाकल्या आणि एकच कमिट मारला. झालं! सात-आठ जणांनी काही वर्षं राबून लिहिलेल्या प्रत्येक ओळीसमोर माझंच नाव दिसायला लागलं. त्यातले निम्मे लोक नोकरी सोडून गेले होते, त्यामुळे तक्रार कोण करणार? मला मात्र ते खुपत राहिलं.

त्याच सुमारास एका समुद्री प्राण्याचं नाव वाचनात आलं: आर्बोपर्क्युला बेंगालेन्सिस (स्टोलिच्का, १८६९). माझी नजर त्या कंसावर अडकली.

हा प्राणी ब्रायोझोआ गटातला, म्हणजे शब्दशः ‘शेवाळप्राणी’. बंदरातल्या खांबावर, शिंपल्यावर किंवा होडीच्या तळाला जाळीदार पांढरट पापुद्रा चिकटलेला असतो, तो बऱ्याचदा यांचाच. भिंगाखाली पाहिलं की त्या पापुद्र्यात शेकडो खोल्या दिसतात. एकेक खोली मिलिमीटरहून लहान. तिच्या भिंती चुन्याच्या, वर पातळ पडदा आणि तोंडाशी झाकण. झाकण उघडून आतला जीव आपल्या शुंडकांचा झुपका बाहेर काढतो आणि पाण्यातले अन्नकण पकडतो. एका अळीपासून सुरुवात होते, मग कळ्या फुटून खोलीला खोली जोडली जाते. पूर्वी यांना लोक वनस्पतीच समजत. हे प्राणी असावेत असं लंडनचा व्यापारी जॉन एलिस याने १७५५च्या आपल्या पुस्तकात मांडलं, तेव्हा तो वादाचा विषय होता.

फर्डिनांड स्टोलिच्का मूळचा मोरेवियाचा. व्हिएन्नात शिकला आणि १८६२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला लागून कलकत्त्याला आला. नोकरीतलं काम दक्षिण भारतातल्या जीवाश्मांचं. न्यूझीलंडच्या ऑकलंडजवळ सापडलेल्या ब्रायोझोआच्या जीवाश्मांवरही त्याने १८६५ मध्ये लिहिलं होतं. पण जीवाश्मात काय उरतं? रिकाम्या खोल्या. राहणारे कधीच गेलेले.

ते राहणारे त्याला पोर्ट कॅनिंगला भेटले. कलकत्त्याच्या आग्नेयेला मातला नदीवर इंग्रजांनी मोठ्या हौसेने हे बंदर उभं केलं होतं. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने १८५३ मध्येच इशारा दिला होता की इथे वादळाने समुद्र आत घुसेल. तो कुणी मनावर घेतला नाही, आणि १८६७च्या वादळाने बंदर उद्ध्वस्त केलं. त्याच ठिकाणच्या मचूळ पाण्यात राहणाऱ्या दोन जीवांची शरीररचना स्टोलिच्काने १८६९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. त्यातला एक होता हा पापुद्रा. त्याने नाव दिलं मेम्ब्रॅनिपोरा बेंगालेन्सिस.

त्या काळी मेम्ब्रॅनिपोरा ही प्रजाती म्हणजे घरातला माळा होती. वरून पडदा असलेली, साधी दिसणारी कुठलीही जाळी तिथे ढकलायची. पुढे अभ्यासकांनी माळा आवरायला घेतला. मेम्ब्रॅनिपोराची वसाहत जुळ्या खोल्यांपासून सुरू होते, तर इलेक्ट्रा या प्रजातीची एकाच खोलीपासून. असे फरक नीट कळत गेले तसे जीव या खणातून त्या खणात गेले. आपला बंगाली पापुद्राही इलेक्ट्रात गेला आणि २०१०च्या सुमारास आर्बोपर्क्युला या नव्या प्रजातीत.

म्हणजे स्टोलिच्काचं वर्गीकरण चुकलं का? आजच्या नजरेतून, हो. पण प्राण्यांच्या नामकरणाचा नियम सुंदर आहे. जीव दुसऱ्या प्रजातीत हलवला तरी जातीचं नाव आणि पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव तसंच राहतं, फक्त त्या माणसाच्या नावाभोवती कंस येतो. हलवणाऱ्याचं नाव तिथे सहसा लिहीतही नाहीत. कंसाचा अर्थ एवढाच: याने तो पहिल्यांदा नीट पाहिला, जागा मात्र नंतर बदलली.

पुढे स्टोलिच्का यारकंदच्या मोहिमेवर गेला. परतताना, १९ जून १८७४ रोजी, लडाखच्या वाटेवर उंचीच्या आजाराने तो वारला. वय ३६. लेहमध्ये त्याची समाधी आहे. आपला पापुद्रा कुठल्या खणात गेला, हे बघायला तो नव्हता. त्याचं नाव जपायचं काम नंतरच्यांवर होतं आणि त्यांनी ते केलं.

पुढच्या सोमवारी मी माझं मायग्रेशन रद्द केलं आणि पूर्ण इतिहासासकट पुन्हा केलं. दोन दिवस गेले, मॅनेजर वैतागला. पण आता कुठलीही ओळ उघडली की ती लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. त्यातल्या काही ओळी चुकीच्याही आहेत. त्यांच्यासमोरही नाव आहेच.