पंगत कुणाची, देव कुणाचा?

खरं चर्च ओळखायचं कसं, याची कसोटी ख्रिस्ती लोकांनीच लिहून ठेवलीय. १५६१ च्या बेल्जिक श्रद्धापत्रात खुणा तीन : शुभवर्तमानाचा शुद्ध उपदेश, ख्रिस्ताने नेमले तसे संस्कार, आणि पाप दिसलं की ते रोखणारी शिस्त. टोलेजंग इमारत, तिजोरी, सरकारदरबारी वजन यातलं काहीएक त्या यादीत नाही.

हेच श्रद्धापत्र मानणारं डच रिफॉर्म्ड चर्च दक्षिण आफ्रिकेत रुजलं. १८२९ साली केपच्या सिनॉडने ठरवलं, प्रभुभोजन सगळ्यांना एकत्रच. रंग-कूळ बघायचं नाही. पण गोऱ्यांना काळ्यांची पंगत चालेना. मग १८५७ च्या सिनॉडने पळवाट काढली : शास्त्राप्रमाणे एकत्र बसणंच बरोबर, पण 'काहींच्या दुर्बलतेपायी' वेगळं बसू द्यावं. दुर्बल कोण? गोरा. उठवला कुणाला? काळ्याला. मित्रांनो, हे विटाळाचं गणित आपल्याला कुणी शिकवायला नको.

१८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी निराळं मिशन चर्चच काढलं. सवलत होती तिची रीत झाली, रितीचं धर्मशास्त्र झालं. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद सरकारी धोरण बनला. चर्चने त्याला बायबलातून आधार काढून दिले. भटजी काय नि पाद्री काय, पोथी मालकाच्या सोयीने उघडते.

पण ज्यांना उठवलं होतं, त्यांनीच कसोटी हातात घेतली. १९८२ साली ऑटावात रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन पाखंड ठरवलं, गोऱ्या चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं. अध्यक्ष निवडले मिशन चर्चचे अ‍ॅलन बूसाक. त्याच वर्षी मिशन चर्चने बेल्हार श्रद्धापत्राचा मसुदा केला, १९८६ साली तो स्वीकारला. त्याचं सांगणं सरळ आहे : एकी डोळ्यांना दिसली पाहिजे, देव नागवलेल्यांच्या बाजूने असतो, तर चर्चनेही तिथंच उभं राहिलं पाहिजे. १९९४ साली मिशन चर्च आणि काळ्यांचं चर्च एक झालं. गोऱ्या चर्चशी एकीची बोलणी मात्र बेल्हारपाशी येऊन अडत राहिली.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. तमिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत उभी राहिलीय. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली जात नाही, ती तोडावी लागते. म्हणून कुठलीही धर्मसंस्था तपासताना आधी तिची पंगत बघा, मग पोथी.