शिक्षक-परवाना नूतनीकरण (जपान)

शिक्षक-परवाना नूतनीकरण : शाळेत शिकवण्याचा परवाना दर दहा वर्षांनी नव्याने वैध करून घेण्याची सक्ती करणारी जपानमधील पद्धती. २००७ च्या कायदादुरुस्तीने ती आली, एप्रिल २००९ पासून अमलात आली आणि १ जुलै २०२२ रोजी रद्द झाली. मुदत संपण्यापूर्वीच्या सुमारे दोन वर्षांत शिक्षकाने विद्यापीठादी संस्थांचे किमान ३० तासांचे अभ्यासवर्ग पुरे करायचे, असा नियम होता. त्यासाठीचे सुमारे ३०,००० येन त्याच्याच खिशातून जात आणि वर्ग बहुधा सुट्टीत भरत. ज्यांना आधी तहहयात परवाना मिळाला होता, त्यांनाही वयाच्या ३५, ४५ आणि ५५ या टप्प्यांवर हे करावे लागे. मुख्याध्यापकांना मात्र सूट होती.

या पद्धतीचा हेतू सुरुवातीपासूनच दुभंगलेला होता. केंद्रीय शिक्षण परिषदेने २००२ मध्ये अशा सक्तीबद्दल सावध भूमिका घेतली होती. २००६ मध्ये तिनेच शिफारस केली, पण अपात्र शिक्षकांना बाहेर काढणे हा हेतू नसून ज्ञान अद्ययावत ठेवणे हा आहे, असे स्पष्ट नोंदवले. राजकीय चर्चेत मात्र नालायक शिक्षकांना चाप लावण्याचीच भाषा अधिक ऐकू येई. वास्तविक अशा शिक्षकांसाठी सुधार-प्रशिक्षणाची वेगळी कायदेशीर तरतूद त्याच २००७ मध्ये झाली होती. म्हणजे चाळणीचे काम दुसरीकडे सोपवलेले होते, आणि राहिलेले काम, म्हणजे शिकत राहणे, सेवांतर्गत प्रशिक्षणानेही साधले असते. त्यासाठी परवान्यालाच मुदत घालण्याची गरज कधीच पटण्याजोगी मांडली गेली नाही.

मुदतीचा खरा भार पडला तो सेवेच्या काठावर उभ्या असलेल्यांवर. प्रसूती, बालसंगोपन किंवा आजारपणाच्या रजेमुळे रिकाम्या झालेल्या जागा जपानी सरकारी शाळा हंगामी शिक्षकांकडून भरतात. हे हंगामी शिक्षक निवृत्तांतून, संसारासाठी नोकरी सोडलेल्यांतून आणि परवाना असून दुसऱ्या व्यवसायात गेलेल्यांतून येतात. नियमित शिक्षक कुरकुरत का होईना वर्ग पुरे करी, कारण त्याची नोकरी त्यावर टांगलेली असे. घरी बसलेल्या माजी शिक्षिकेला तसे कारण नव्हते. शिवाय कधीच न शिकवलेल्या परवानाधारकाला तर नेमणुकीची शक्यता दिसल्याखेरीज वर्गात प्रवेशच नव्हता. शाळेकडून अचानक विचारणा आली की परवाना मुदतबाह्य निघे. सेवेतला शिक्षक नुसती तारीख विसरला तरी त्याचे सरकारी शाळेतले पद आपोआप जाई. निष्काळजीपणाला इतकी मोठी शिक्षा अन्य क्वचितच कोणत्या पेशात असेल. २०२१ च्या शैक्षणिक वर्षारंभी १,८९७ सरकारी शाळांत मिळून २,५५८ शिक्षक कमी असल्याचे शिक्षण मंत्रालयाच्या पाहणीत आढळले. गुणवत्तेसाठी उभारलेली व्यवस्था वर्गावर उभे राहायला माणूस मिळण्याच्या आड येत होती.

यावर पहिला आक्षेप असा की टंचाईची मूळ कारणे वेगळी आहेत. ते खरे आहे. मोठ्या संख्येने झालेली निवृत्ती, तरुण भरतीमुळे वाढलेल्या प्रसूती-रजा आणि विशेष साहाय्य वर्गांची वाढ ही कारणे मंत्रालयानेही मान्य केली आहेत. ‘टॅलिस’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत २०१८ मध्ये जपानी माध्यमिक शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा भरला, तर सहभागी देशांची सरासरी सुमारे ३८ तास होती. त्यामुळे नूतनीकरण रद्द केले की शाळा भरतील, असा दावा टिकत नाही. पण ५६ तास राबणाऱ्याच्या सुट्टीतले ३० तास आणखी घेणे हे त्याच दुखण्यात भर घालणे होते, आणि टंचाईच्या काळात राखीव मनुष्यबळ हाताशी असणे अधिकच मोलाचे. दुसरा आक्षेप जबाबदारीचा : जनतेच्या पैशावर काम करणाऱ्याने पात्रता पुन्हा सिद्ध का करू नये? परंतु जपानमध्ये डॉक्टरच्या परवान्यालाही अशी मुदत नाही, आणि ३० तासांच्या वर्गात हजर राहून दिलेल्या चाचणीतून शिकवण्याचा कस लागतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. काही वर्ग उत्तम होते आणि शिक्षकांना ते आवडलेही. त्यातून प्रशिक्षणाची उपयुक्तता सिद्ध होते, मुदतीची नव्हे.

२०२२ नंतर प्रत्येक शिक्षकाच्या प्रशिक्षणाची नोंद ठेवणे आणि मुख्याध्यापकाने त्यावर त्याच्याशी बोलून पुढची दिशा सुचवणे, अशी व्यवस्था आली. तिच्यातही कागद वाढण्याचा धोका आहेच. तहहयात परवाना असलेल्या, पण मुदत हुकली तेव्हा सेवेत नसलेल्यांचे परवाने कोणत्याही अर्जाविना पुन्हा वैध झाले. २००९ नंतरचे मुदतबाह्य परवाने मात्र अर्ज करून नव्याने घ्यावे लागतात.

पात्रतेला मुदत घालण्याचा प्रश्न भारतातही आला. येथे शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून ते तहहयात करण्यात आले, तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. भरती रखडल्याने नोकरी न मिळालेल्या उमेदवाराचे प्रमाणपत्र वाट पाहतानाच बाद होई, ही अडचण त्यामुळे दूर झाली. दुसरीकडे, १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील प्रकरणांसह आलेल्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा निर्णय दिला. अल्पसंख्याक संस्थांना ही सक्ती लागू होते का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला.