लिनक्समध्ये संगणक सुरू होताना वाय-फाय न जोडले जाणे

संगणक सुरू झाल्यावर त्यातील बिनतारी जाळ्याचे कार्ड ओळखीच्या वाय-फाय जाळ्याशी आपोआप न जोडले जाणे, हा लिनक्स संचालन प्रणालीच्या वापरकर्त्यांना वारंवार भेडसावणारा बिघाड आहे. बहुतेक वेळा कार्ड नादुरुस्त नसते. फर्मवेअर, ड्रायव्हर, रेडिओची कळ, साठवलेला पासवर्ड किंवा राउटरकडून मिळणारा आयपी पत्ता यांपैकी एखादी कडी तुटलेली असते. त्यामुळे साखळी कोठे तुटली हे आधी ठरवणे, हेच निदानाचे मुख्य काम होय.

फर्मवेअर

बहुतेक वाय-फाय कार्डांवर त्यांचे फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरून वाचून कार्डाच्या स्मृतीत भरतो. फाइल सापडली नाही, तर कर्नलच्या नोंदींत ‘उणे २’ या क्रमांकाची त्रुटी दिसते. तिचा अर्थ ‘फाइल अस्तित्वात नाही’ एवढाच असतो. काही वेळा फाइल डिस्कवर असते, परंतु मुख्य डिस्क जोडली जाण्यापूर्वीच ड्रायव्हर तिचा शोध घेतो. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा भरला की कार्ड चालू लागते आणि पुढच्या आरंभी तोच प्रकार घडतो. आरंभिक स्मृतिप्रतिमेत फर्मवेअर समाविष्ट करणे हा त्यावरील उपाय आहे.

ब्रॉडकॉम कंपनीची जुनी कार्डे याबाबत विशेष कुप्रसिद्ध आहेत. त्यांच्यासाठीचा ‘बी४३’ हा मुक्त ड्रायव्हर २००८ साली २.६.२४ या कर्नलसोबत आला, पण फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्याने ते कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरमधून वेगळे काढावे लागे. त्यासाठीची सामग्री आंतरजालावरून उतरवावी लागते आणि आंतरजालासाठी तर हेच कार्ड हवे, असा पेच नवख्या वापरकर्त्यासमोर उभा राही. डेबियन प्रकल्पात अमुक्त फर्मवेअरचा वाद दीर्घकाळ चालला. २०२२ मधील मतदानानंतर, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-माध्यमात दिले जाऊ लागले. आजही या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे अँड्रॉइड भ्रमणध्वनी यूएसबी केबलने जोडून त्याचे आंतरजाल तात्पुरते वापरणे.

रेडिओ बंद असणे

‘आरएफकिल’ ही कर्नलमधील व्यवस्था रेडिओ बंद-चालू करते. लॅपटॉपच्या कडेवरील कळीने बंद केलेला रेडिओ कोणत्याही आज्ञेने सुरू होत नाही; आज्ञेने बंद केलेला मात्र होतो. सिस्टमडी ही स्थिती जपून ठेवते व पुढच्या वेळी तीच लागू करते. म्हणून विमान-अवस्था सुरू ठेवून संगणक बंद केल्यास दुसऱ्या दिवशी वाय-फाय बंदच सापडते. रास्पबेरी पायवर तर देश निवडेपर्यंत वाय-फाय अडवून ठेवलेले असते, कारण वापरता येणाऱ्या वाहिन्या देशानुसार बदलतात. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात भारतात १ ते १३ वाहिन्या वापरता येतात, अमेरिकेत सामान्यतः १ ते ११. देश चुकीचा निवडला गेल्यास तेराव्या वाहिनीवरील राउटर दिसतच नाही.

विंडोज व लिनक्स एकाच संगणकावर असल्यास आणखी एक कारण संभवते. विंडोज ८ पासूनच्या ‘जलद आरंभ’ सुविधेत संगणक पूर्णतः बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत राहिल्याने लिनक्सला ते जागे करता येत नाही. ही सुविधा बंद करणे इष्ट.

पासवर्ड व प्रमाणपत्र

लॉगिन केल्यानंतरच जोडणी होत असेल, तर पासवर्ड केवळ त्या वापरकर्त्याच्या कुलूपबंद चावीसंचात साठवलेला असण्याची शक्यता अधिक. नेटवर्कमॅनेजरमध्ये तो सर्व वापरकर्त्यांसाठी साठवल्यास लॉगिनपूर्वीच जोडणी होते. अर्थात तेव्हा तो डिस्कवर साध्या मजकुराच्या रूपात राहतो. सामायिक संगणकावर हे लक्षात ठेवावे.

विद्यापीठांतील एज्युरोमसारख्या जाळ्यांत सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षे मागे जाते, प्रमाणपत्र ‘अद्याप लागू नाही’ असे ठरते आणि जोडणी नाकारली जाते. घड्याळ आपोआप दुरुस्त होण्यासाठी पुन्हा जाळेच लागते. वेळ हाताने लावल्यास काम भागते, परंतु बॅटरी बदलेपर्यंत वीज तुटली की हा प्रकार पुन्हा होतो.

आयपी पत्ता

जोडणी झाल्याचे दिसते पण १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तेव्हा राउटरच्या डीएचसीपी सेवेने उत्तर दिलेले नसते. वीजपुरवठा परतल्यावर संगणक व राउटर एकाच वेळी सुरू झाल्यास असे घडू शकते. राउटर तयार झाल्यावर जोडणी पुन्हा करावी.