जहाज मोठे झाले, बंदर तेवढेच राहिले

आमच्या धर्मग्रामातील एका दांपत्याच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. या निमित्ताने आईवडिलांना समुद्रपर्यटन घडवावयाचे असे मुलांनी ठरविले. थोरल्याने परदेशातून येताना एका प्रचंड जहाजाची रंगीत पुस्तिका आणली. तीत पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, बर्फावरील नाच, पाण्याच्या घसरगुंड्या असे सारे काही होते. धाकटा स्वतःच अशा एका जहाजाच्या भोजनगृहात नोकरीला आहे. तो फोनवरून म्हणाला, "बाबा, बोट लहान असली तरी चालेल, पण बंदरात जास्त वेळ थांबणारी बघा." पैसे आम्ही देणार, मग लहान बोट कशाला, असे थोरल्याचे म्हणणे. दोघा भावांचा हा वाद ओटीवरून आमच्यापर्यंत आला. जहाज जितके मोठे तितकी सुटी चांगली, हे खरे काय? प्रश्न घरगुती होता, पण उत्तरासाठी आम्हांला इतिहासाची पाने चाळावी लागली. त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

केवळ आनंदासाठी समुद्रावर जावे ही कल्पना फार जुनी नाही. शतकानुशतके माणूस जहाजात बसला तो व्यापारासाठी, युद्धासाठी, यात्रेसाठी किंवा पोटासाठी. १८४४ साली इंग्लंडमधील पी. अँड ओ. कंपनीने आपल्या बोटींवरून भूमध्य समुद्राच्या सहली सुरू केल्या आणि त्यांचा गवगवा व्हावा म्हणून कादंबरीकार थॅकरे यांना फुकट प्रवास घडविला. माल्टा, अथेन्स, जेरुसलेम, कैरो पाहून आल्यावर थॅकरे यांनी त्याचे वर्णन लिहिले. पुढे १८६७ च्या जून महिन्यात 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून पवित्र भूमीकडे निघाली. ब्रुकलिनच्या एका चर्चमधील मंडळींच्या पुढाकाराने ही सहल योजिली होती. प्रवाशांत मार्क ट्वेन हा तरुण पत्रकार होता. पाच महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या सफरीवर त्याने लिहिलेल्या पुस्तकाने तो जगाला ठाऊक झाला. सहप्रवाशांची त्याने मनसोक्त थट्टा केली आहे. परंतु पुस्तकाचा मोठा भाग व्यापला आहे तो किनाऱ्यावरील नगरांनी, देवळांनी आणि माणसांनी. जहाज हे तेथवर नेणारे वाहन होते.

आज ज्याला क्रूझ म्हणतात त्या व्यवसायाचा पाया हँबुर्गच्या आल्बर्ट बालिन या कर्तबगार गृहस्थाने घातला असे मानले जाते. युरोपातील गरीब लोकांना अमेरिकेस पोहोचविणाऱ्या हापाग कंपनीचा तो अधिकारी होता. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळलेला असे, प्रवासी रोडावत आणि मोठमोठी जहाजे गोदीत रिकामी पडून राहत. उभे जहाजदेखील पैसा खातेच. तेव्हा बालिनने १८९१ च्या जानेवारीत 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ पाहुण्यांना घेऊन भूमध्य समुद्राकडे धाडले. सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले. परंतु तो सपत्नीक त्याच जहाजावर चढला. दोन महिन्यांची ती सफर यशस्वी झाली. म्हणजे या धंद्याचा जन्मच मुळी एका हिशेबातून झाला होता. रिकाम्या खोल्या भरावयाच्या, हा तो हिशेब. त्यात वाईट काही नाही; पण पुढचा इतिहास समजून घेताना त्याचा विसर पडू नये.

त्यानंतर बालिनने जे केले ते आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. खास पर्यटनासाठी म्हणून त्याने नवे जहाज बांधविले. १९०० साली जलावतरण झालेल्या या 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे'चे माप ४,४०९ टन होते. 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' होती ७,६६१ टनांची. येथे एक खुलासा करावयास हवा. प्रवासी जहाजाचे हे 'टन' म्हणजे त्याचे वजन नव्हे, आतील बंदिस्त जागेचे ते माप असते. तात्पर्य, पर्यटनासाठी मुद्दाम बांधलेले जहाज आधीच्या जहाजाहून बरेच लहान होते. बालिनला मोठे जहाज बांधता येत नव्हते असे नाही. १९१३ साली त्याच्याच कंपनीचे 'इंपेराटोर' हे ५२,००० टनांचे जहाज अटलांटिकवर धावू लागले. महासागर ओलांडावयाचा तर जहाज मोठे हवे, आणि बंदरोबंदरी हिंडावयाचे तर लहान, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. लहान जहाज अपघातमुक्त असते असेही कोणी समजू नये. 'प्रिन्सेसिन' १९०६ च्या डिसेंबरात कप्तानाच्या चुकीने जमैकाच्या किनाऱ्यावर आदळून नष्ट झाली.

मग जहाजे अवाढव्य का झाली? याचे मूळ आकाशात सापडते. १९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमाने अटलांटिकपार प्रवासी नेऊ लागली आणि आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला. महासागरी जहाजांचे दिवस भरले. अमेरिकेतील मायामी बंदरातून मात्र १९६६ साली 'सनवर्ड' या साडेदहा हजार टनांच्या जहाजाने कॅरिबियन बेटांच्या नियमित सहली सुरू केल्या. त्या चालविणाऱ्या नॉर्वेजियन कंपनीचा क्नूट क्लोस्टर याने १९७९ साली एक धाडस केले. फ्रान्सचे राष्ट्रीय वैभव म्हणून गाजलेले आणि १९७४ पासून बंद पडलेले 'फ्रान्स' हे ६६,००० टनांचे जहाज त्याने विकत घेतले आणि 'नॉर्वे' या नावाने १९८० पासून सहलींसाठी चालविले.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातील कळीचे वळण हेच होय. 'नॉर्वे' इतकी खोल पाण्यात बसणारी होती की, बेटांवरील पुष्कळ धक्क्यांना तिला लागता येईना. ती दूर नांगर टाकी आणि स्वतःबरोबर आणलेल्या दोन मोठ्या पडावांतून प्रवासी किनाऱ्यावर ने-आण करी. अशा जहाजाने रोज नवे बंदर गाठणे कठीण. मग प्रवाशांनी जहाजावरच रमावे म्हणून रंगमंचावरील खेळ, दुकाने, नृत्यगृहे यांची रेलचेल करण्यात आली. लोकांना ते फार आवडले. जहाज हेच गंतव्य स्थान झाले. जी अडचण होती तिचेच आकर्षण बनले आणि इतर कंपन्यांनी त्यातून धडा घेतला.

तेव्हापासून जी चढाओढ लागली ती अद्याप थांबलेली नाही. १९८८ साली 'सॉव्हरिन ऑफ द सीज' आली, ७३,००० टनांची. १९९६ साली 'कार्निव्हल डेस्टिनी'ने एक लाख टनांची सीमा ओलांडली. पनामा कालव्याच्या तेव्हाच्या दारांतून ती जाऊच शकत नव्हती. १९९९ च्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर बर्फाचे मैदान आले. २००९ च्या 'ओॲसिस ऑफ द सीज'वर खरी झाडे लावलेली बाग आली. माप सव्वादोन लाख टन. २०२४ च्या जानेवारीत 'आयकॉन ऑफ द सीज' पहिल्या सफरीस निघाली. तिचे माप २,४८,६६३ टन, लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले वीस. तीत जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी राहू शकतात. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'चे माप ४६,३२८ टन होते, हे लक्षात घेतले म्हणजे पाच पटींहून अधिक झालेली ही वाढ ध्यानी येते.

याचे कारण पुन्हा हिशेबाचेच. जहाज दुप्पट केले म्हणून कप्तान दोन लागत नाहीत, इंधनही दुप्पट लागत नाही. दर प्रवाशामागे खर्च घटतो. शिवाय प्रवासी जितका वेळ जहाजावर राहील तितका त्याचा पैसा जहाजावरच खर्च होतो.

आता थोरल्या भावाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. बालिनच्या काळी ही चैन केवळ श्रीमंतांची होती. आज शिक्षक, परिचारिका, कारकून हेही ती करू शकतात, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी मोठ्या जहाजांना आहे. लाटांवर मोठे जहाज कमी डोलते. चाकाच्या खुर्चीवरील आजी आणि धावणारा नातू या दोघांनाही तेथे करमते. जहाजात गर्दी वाढली हा आक्षेपही सरसकट खरा नाही. खोलीत दोघे असे धरले, तर 'सॉव्हरिन'वर दर प्रवाशामागे सुमारे ३२ टन जागा होती. 'आयकॉन'वर ती सुमारे ४४ टन भरते. जागा वाढली आहे.

मग उणे पडले ते कोठे? किनाऱ्यावर. जहाज बांधणाऱ्याने वीस मजले चढविले. पण बेटावरचा रस्ता, चर्चसमोरचा चौक, विहिरीचे पाणी काही वाढले नाही. सकाळी तीन-चार जहाजे लागली की, गावाच्या लोकसंख्येइतके पाहुणे एकदम उतरतात आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळेस परत जातात. पाहुणा गाव पाहत नाही, दुसऱ्या पाहुण्याची पाठ पाहतो. व्हेनिसमध्ये संत मार्काच्या चौकासमोरून घरांहून उंच जहाजे जात असत. २०१९ च्या जूनमध्ये असे एक जहाज धक्क्यावर आणि एका पर्यटकबोटीवर आदळले. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या शासनाने २५,००० टनांवरील जहाजांना त्या मार्गाने येण्यास बंदी केली. 'ऑगस्टा व्हिक्टोरिया'चे माप मात्र टनांच्या या मर्यादेत बसले असते.

गावे अपुरी पडू लागली तेव्हा कंपन्यांनी स्वतःचे किनारे घेतले. क्लोस्टरच्या कंपनीने १९७७ सालीच बहामातील एक बेट खरेदी केले होते. दुसऱ्या एका कंपनीने १९८० च्या दशकात हैती देशाच्या उत्तर टोकाला लाबादी येथे जागा भाड्याने घेऊन तिला कुंपण घातले. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप होऊन लाखो माणसे बेघर झाली. तीनच दिवसांनी लाबादीला पर्यटकांचे जहाज लागले. राजधानी शंभराहून अधिक किलोमीटर दूर होती. जहाजाने मदतीचे सामानही आणले होते, आणि पर्यटन थांबविले तर तेथील कामगारांची रोजी बुडेल हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही काही प्रवाशांना त्या वाळूवर बसून घास गिळवेना. आम्हांला ते प्रवासी जवळचे वाटतात. कुंपणापलीकडे कोण राहते हा प्रश्न सुटीतही मनात येणे, हे माणूस जागा असल्याचे लक्षण आहे.

कुंपणापलीकडची माणसे जहाजाच्या पोटातही असतात, आणि येथे विषय आपल्या अंगणात येतो. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर स्वयंपाकी आणि सेवक म्हणून गेले. मुंबईत त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' होत्या; तेथे पेटी ठेवून, अल्तारापुढे तेर्स म्हणून ते बोटीची वाट पाहत. गोवा, मुंबई, वसई येथील आपली मुले आजही पर्यटनजहाजांवर आहेत. त्यांच्या पगारावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. मोठ्या जहाजांनी या नोकऱ्या वाढविल्या हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु सागरी कामगारांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती दिली आहे, याचा दुसरा अर्थ चौदा तासांपर्यंत काम कायदेशीर ठरते. २००३ साली 'नॉर्वे'चा बाष्पक फुटला तेव्हा आठ कर्मचारी मृत्यू पावले. २०१२ च्या जानेवारीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आपटली. तिच्यावर ४,२२९ माणसे होती. दोष कप्तानाचा होता. परंतु अंधारात, कललेल्या जहाजावरून इतक्या माणसांना उतरविणे किती दुर्घट असते ते त्या रात्री जगाला दिसले. ३२ बळींत आपल्या देशाचाही एक कर्मचारी होता.

'नॉर्वे'चा शेवट आपल्याच किनाऱ्यावर झाला. २००६ साली 'ब्लू लेडी' या नावाने ती गुजरातमधील अलंग येथे आली. तिच्यातील घातक ॲस्बेस्टॉसवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००७ मध्ये परवानगी मिळाली आणि मजुरांनी तिचे तुकडे केले. एके काळी राष्ट्राचा अभिमान असलेले ते पोलाद भंगाराच्या भावाने विकले गेले.

तर मग दोघा भावांना आम्ही काय सांगितले? जहाज मोठे झाल्याने सुटी स्वस्त झाली, सोयीची झाली, अनेकांच्या आवाक्यात आली. चांगली झाली असे मात्र म्हणता येत नाही. विशिष्ट मर्यादेपलीकडे कोठे जावयाचे हे प्रवासी ठरवीत नाही, जहाजाची खोली आणि लांबी ठरविते. ज्याला आठ दिवस जबाबदारीवाचून विसावा हवा, त्याने मोठ्या जहाजावर खुशाल जावे. पण आपण एका तरंगत्या नगरात राहिलो, देश पाहिले नाहीत, एवढे मनाशी प्रामाणिकपणे मानावे. ज्याला देश पाहावयाचा आहे त्याने पुस्तिकेतील तलाव मोजू नयेत. जहाज किती बंदरांत थांबते, किती तास थांबते, धक्क्यापासून गाव किती दूर आहे आणि त्या दिवशी तेथे आणखी किती जहाजे येणार आहेत, हे विचारावे.

म्हाताऱ्या आईने आमचे सारे बोलणे ऐकून घेतले. मग ती थोरल्याला म्हणाली, "धाकट्याची बोट ज्या बंदरात लागेल तेथे आम्हांला नेशील काय? तो उतरेल तेवढा वेळ बसू." त्या वर्षी सुवर्णमहोत्सवाची सहल अशीच ठरली. धाकट्याला त्या दिवशी चार तासांची मोकळीक मिळाली. धक्क्याजवळच्या एका साध्या चर्चमध्ये तिघांनी मेणबत्ती लावली आणि बाहेरच्या बाकावर बसून घरून नेलेले लाडू खाल्ले. त्यांच्या मागे धाकट्याचे जहाज सोळा मजले उंच उभे होते. आईने त्याच्याकडे फारसे पाहिले नाही, असे तिने आम्हांला परतल्यावर सांगितले.