समुद्रदेव घाट चढला कसा?

रत्नागिरीत बसून रोमन व्यापाराविषयी बोलायचं, तर सुरुवात आपण कोल्हापुरापासून करू. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती सापडली. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र आपल्याकडे, देव घाटावर, आणि मध्ये सह्याद्री!

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक पुस्तक आपल्याला थोडी वाट दाखवतं. लेखकानं आपलं नाव सांगितलेलं नाही. बहुधा इजिप्तमधला व्यापारी. तो म्हणतो, भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर. पैठणचे गोमेदासारखे खडे, तेरचं कापड, सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला यायचं. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पैठणहून नाणेघाट उतरला की कल्याण बंदर. मग एवढा वळसा कशाला? कारण कल्याणला ग्रीक जहाज लागलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असं हाच लेखक सांगतो. क्षत्रप आणि सातवाहनांची चुरस त्यामागे होती. म्हणजे व्यापाराची वाट नुसत्या डोंगरदऱ्या ठरवत नाहीत, राज्यकर्तेही ठरवतात.

आपला किनारा मात्र त्यानं एका दमात उरकलाय. चौलनंतर मंदगोर, पालैपत्मै, मेलिझिगर, बस्स, नुसती नावं. मेलिझिगर म्हणजे आपलं जयगड, असं काही अभ्यासक मानतात. ऐकायला बरं वाटतं खरं. पण जयगडचा किल्ला विजापूरकरांच्या काळातला, म्हणजे या पुस्तकानंतर जवळजवळ दीड हजार वर्षांनी बांधलेला. उच्चार जुळले तर तो सुगावा होईल, पुरावा नव्हे. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना ही खोड असतेच म्हणा!

त्यापेक्षा पन्हाळेकाजीला जाऊन बघा. दापोली तालुक्यात, कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत; त्यांतली सर्वांत जुनी हीनयान बौद्धांची. भिक्षूंना दाते लागतात, आणि दाते रहदारीच्या वाटेवर भेटतात. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांचे लेखच आहेत. पन्हाळेकाजीवरून इथं रोमन जहाज लागलं असं काही सिद्ध होत नाही. पण खाडीकडून आत जाणारी माणसं होती, त्यांच्या गाठीला पैसा होता, इतकं तरी म्हणता येतं.

तो पोसायडन आंबा घाटानं चढला की पैठण-तेरकडून फिरत आला, हे मूर्ती बघून कळत नाही. कुणाच्या तरी बैलाच्या पाठीवरून आला असणार. पुढच्या वेळी आपण नाणेघाटातला तो दगडी रांजण घेऊ, जकातीचा म्हणतात तो.